संतमाता गोणाई

पंढरीस येणारा भाविक महाद्वारी पोहोचला की श्रींच्या दर्शनापूर्वी नामदेव पायरीपाशी वाकतो. या पायरीवर कोणी पाय ठेवीत नाही. संतांच्या व वारकऱ्यांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, या इच्छेने श्रीसंत नामदेव महाराजांनी येथे समाधी घेतली, ही कथा बहुतेकांस ठाऊक असते. परंतु परंपरेनुसार त्यांच्या समवेत त्यांचे सारे कुटुंब याच ठिकाणी विसावले असून, त्यात त्यांच्या मातोश्री गोणाई आहेत आणि गोणाईंच्या घरी लहानाची मोठी झालेली जनाबाईही आहे, हे दर्शनाच्या गडबडीत अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून या पुस्तिकेत त्या माउलीचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

गोणाईंचे यजमान दामाशेटी हे व्यवसायाने शिंपी. कापडाचा व्यापार आणि शिवणकाम यांवर घर चाले. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे त्यांचे मूळ गाव. तेथील केशिराज हे त्यांचे दैवत आणि पंढरीची वारी हा घराण्याचा नेम. पुढे हे कुटुंब पंढरपुरी येऊन राहिले. पहिली कन्या आऊबाई. त्यानंतर पुत्र व्हावा म्हणून गोणाईंनी देवास नवस केला आणि शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे सन १२७० मध्ये, नामदेवांचा जन्म झाला. जन्मस्थान नरसी की पंढरपूर, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

ताहराबादचे महिपतिबुवा यांनी सन १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात मात्र ही कथा वेगळ्या रीतीने येते. दामाशेटी नदीवर स्नानास गेले असता प्रवाहातून वाहत आलेल्या शिंपल्यात त्यांना बालक सापडले व ते त्यांनी घरी आणून गोणाईंच्या ओटीत घातले, असे बुवा सांगतात. उलट नामदेवांच्या गाथेतील गोणाई आपण या पुत्रास नऊ मास उदरी वाहिल्याचे देवास बजावून सांगते. इतिहासाच्या दृष्टीने गाथेकडे कौल द्यावा लागेल हे उघड आहे. तरीही शिंपल्याची कथा वाचताना वाटत राहते की, ओटीत पडलेले मूल कोठून आले हे न विचारता त्यास छातीशी धरणारी स्त्री म्हणूनच लोकांनी गोणाईंना ओळखले असावे. तसे नसते तर ही कथा त्यांच्या घराशी जोडली गेली नसती.

नैवेद्याची कथा सर्वश्रुत आहे. दामाशेटी गावाला गेलेले. रोजचा नैवेद्य चुकू नये म्हणून गोणाईंनी ताट वाढून बालवयातील नामदेवांच्या हाती दिले व त्यास राउळात पाठविले. देवापुढे ताट ठेवावे, हात जोडावे आणि ताट परत आणावे, एवढेच मुलाकडून अपेक्षित होते. नामदेवांना ते कोणी समजावून सांगितले नव्हते. देव जेवत नाही असे पाहून ते रडू लागले, पायरीवर डोके आपटून घेण्यास सिद्ध झाले, आणि भगवंतांनी नैवेद्य ग्रहण केला. मूल रिकामे ताट घेऊन घरी आले. या कथेत कीर्तनकार नामदेवांच्या भोळ्या भावावर भर देतात व ते योग्यच आहे. पण त्या वेळी गोणाईंच्या मनात काय आले असेल? प्रथम त्यांना वाटले की नैवेद्य मुलानेच खाल्ला. कोणत्याही आईस वाटेल तेच त्यांना वाटले. पुढे प्रचीती आल्यावर त्यांना आनंद झाला आणि त्याच दिवसापासून त्यांच्या चिंतेसही आरंभ झाला. ज्या देवापाशी पुत्र मागितला, तोच देव पुत्रास आपल्याकडे ओढू लागला होता.

नामदेव वयात आले, राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र व लिंबाई ही कन्या झाली. पण त्यांचे मन कापडाच्या गठ्ठ्यात रमले नाही. बाजारी विकण्यास दिलेले कापड त्यांनी उघड्यावर पडलेल्या दगडधोंड्यांस पांघरून, एका धोंड्यास जामीन धरून घरी आणल्याची कथा प्रसिद्ध आहे. तो धोंडा सोन्याचा झाला असे कथा सांगते. मात्र घरात रोजचे धान्य लागत होते आणि खाणारी तोंडे वाढत होती. पुढे केशवशेट या सावकाराच्या रूपाने भगवंत स्वतः मोहरांची थैली घेऊन आले व ती राजाईंच्या हाती दिली, तर नामदेवांनी तीही वाटून टाकली.

अशा वेळी गोणाई उठल्या आणि थेट राउळात जाऊन विठ्ठलाशी भांडल्या. संतवाङ्मयात भक्त देवाशी भांडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पण ही भांडणारी स्त्री संसाराच्या बाजूने उभी आहे, हे विशेष. देवाने आपले लेकरू फसवून नेले, घर उघडे पाडले, आपल्या म्हातारपणाचा आधार काढून घेतला, अशी तिची तक्रार आहे. गाथेतील गोणाई व नामदेव यांच्या संवादाचे अभंग वाचावेत. त्यांत आई हट्टाने मुलास घरी चल म्हणते, मुलगा देवाचे चरण सोडीत नाही, आणि दोघांपैकी कोणीही चुकत आहे असे वाचकास वाटत नाही. विठ्ठलावर तिचा विश्वास नव्हता म्हणून ती भांडली, असे कोणी समजू नये. जो ऐकणार नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. नवस केला तो त्याच्यापाशी, पुत्र मिळाला तो त्याच्याकडून, आणि तक्रार नेली तीही त्याच्याच दारी.

आता जनाबाईंविषयी. गोदातीरावरील गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. वडिलांचे नाव दमा व आईचे करुंड. आईवडिलांसमवेत यात्रेस आलेली ही बालिका महाद्वारातून हलेना व नामदेवांच्या घरी राहिली, असे काही सांगतात. मातृछत्र हरपल्यावर पित्याने तिला दामाशेटींच्या स्वाधीन केले, असे इतर सांगतात. काही असो, पोर गोणाईंच्या पदरी आली. दळण, कांडण, सडासारवण, शेणी वेचणे, पाणी भरणे ही कामे तिने आयुष्यभर केली आणि स्वतःस नामयाची दासी म्हणवून घेतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. गोणाईंनी जनीस लेकीप्रमाणे वाढविले, असे आपण भक्तिभावाने म्हणतो. परंतु ती त्या घरी दासी होती आणि कामाचा भार तिच्यावर मोठा होता, हे तिच्या अभंगांवरून दिसते. कीर्तनात सांगितली जाणारी एक कथा या दृष्टीने बोलकी आहे. पहाटे जनीच्या जात्यावर दोन आवाज येतात असे ऐकून, ही पोर परकी बाई कामास बोलावते की काय, अशा संशयाने गोणाई काठी घेऊन गेल्या व तो फटका प्रत्यक्ष भगवंतांस बसला. विठाबाई असे नाव सांगून ते दळण्यास आले होते. श्रोते येथे हसतात. परंतु घर चालविण्याच्या विवंचनेत कठोर झालेली गोणाईही या कथेत दिसते, आणि परंपरेने ती लपविलेली नाही, हे आम्हांस मोलाचे वाटते.

मात्र याच घराने जनीस नाम दिले. नामदेवांच्या कीर्तनाची संगत तिला येथेच मिळाली, आणि जातीने व लौकिकाने मागे असलेल्या या अनाथ मुलीच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. जनी घरातील माणसांची नावे आपल्या अभंगात गुंफते, तेव्हा दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, चार पुत्र, लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना, आऊबाई आणि लिंबाई यांच्या जोडीने स्वतःस धरून पंधरा माणसे मोजते. सोळाव्या माणसासाठी ती जागा सोडीत नाही आणि स्वतःस वगळीतही नाही. त्या घरात आपण परक्या आहोत असे तिला वाटत असते, तर ही गणती चौदांवर थांबली असती.

पुढे नामदेव ज्ञानेश्वर माउलींसमवेत तीर्थयात्रेस गेले. सन १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस समाधी घेतल्यानंतर नामदेवांनी उत्तर हिंदुस्थानात, पंजाबापर्यंत, नामाचा प्रसार केला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. मुलगा दूरदेशी असता घर कसे चालले, याचे वर्णन कोणी केलेले नाही. चार नातू, नातसुना आणि जनी यांच्या बळावर ते चालले असावे.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीस, सन १३५० मध्ये, नामदेवांनी महाद्वारी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते. परंपरा सांगते की सर्व कुटुंबाने त्यांच्यासमवेत समाधी घेतली; केवळ ज्येष्ठ स्नुषा लाडाई बाळंतपणासाठी माहेरी होत्या म्हणून मागे राहिल्या. गोणाई त्या वेळी शंभरीच्या आसपास असल्या पाहिजेत, असा हिशेब काही चिकित्सक मांडतात व शंका घेतात. शंका रास्त आहे. तथापि वारकऱ्यांच्या मनात ती माउली मुलासमवेत आणि जनीसमवेत त्या पायरीखालीच आहे, व तेथून तिला हलविण्याची आमची इच्छा नाही.

नामदेव महाराजांची पुण्यतिथी आषाढी वारीनंतर तेरवड्याने येते. तोवर दिंड्या परतलेल्या असतात, गर्दी ओसरलेली असते व पायरीपाशी निवांत उभे राहता येते. पौर्णिमेस पंढरपुरालगतच्या गोपाळपूर येथे काला होतो. तेथील मंदिरात जनाबाईंचे जाते दाखविले जाते. ते पाहण्यास जाताना लहान मुलांना अवश्य सोबत न्यावे.