बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ

बास्केटबॉल शिकू लागलेल्या मुलास शिक्षक प्रथम धावावयास नव्हे, तर उभे राहावयास शिकवितात. पावले खांद्यांच्या रुंदीइतकी दूर, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, चेंडू दोहों हातांनी छातीपाशी व दृष्टी वर, असा तो पवित्रा होय. त्यातून टोपलीवर नेम धरता येतो, सोबत्याकडे चेंडू देता येतो, किंवा तो जमिनीवर आपटीत पुढे जाता येते; ह्या तिहींपैकी काय होणार हे समोरच्यास उमगत नाही. चेंडू हाती असता उभे का राहावे, हे ज्यांनी हा खेळ काढिला त्यांच्या चरित्रावरून समजते.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म १८६१ साली कानडा देशी झाला. १८७० साली आईबाप दोघेही विषमज्वराने वारले व मामांनी त्यांस वाढविले. शाळा सोडून त्यांनी काही वर्षे लाकूडतोडीचे काम केले व मग पुन्हा शाळेची पायरी चढली. माँट्रिआल येथे पाळकपणाचा अभ्यास चालू असता ते फुटबॉलही खेळत, आणि एकदा तर काळेनिळे डोळे घेऊन उपदेशास उभे राहिले. खेळ हे सैतानाचे काम, असे मानणारे सज्जन तेव्हा पुष्कळ होते. आज आमच्यातही ते अगदीच नाहीत असे नव्हे! नेस्मिथ ह्यांनी १८९० साली तो अभ्यास पुरा केला, परंतु मंडळी न पत्करता ते अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेत गेले.

तेथे हिवाळ्यात घरात कोंडलेल्या तरुणांसाठी नवा खेळ १४ दिवसांत काढा, असे त्यांस वरिष्ठांनी सांगितले. फुटबॉल घरात आणावा तर हातपाय मोडणार. नेस्मिथ विचार करू लागले, की मनुष्यास पाडतात ते कशासाठी? तो चेंडू घेऊन धावतो म्हणून. तो धावलाच नाही, तर त्यास पाडण्याचे कारणच उरत नाही. म्हणून ज्या जागी चेंडू झेलला तेथूनच तो टाकावा, असा नियम त्यांनी केला. लहानपणी धोंड्यावरचा दगड पाडण्याच्या खेळात जोराने फेकलेल्यापेक्षा अलगद उंच टाकलेला दगड बरा लागे, हे त्यांस आठवले. तेव्हा पीच फळांच्या २ टोपल्या १० फूट उंचीवर ठोकल्या. डिसेंबर १८९१ मध्ये १८ विद्यार्थी पहिला डाव खेळले. चेंडू आपटीत जाण्याची मुभा पुढे आली. मूळ खेळ उभे राहून टाकण्याचाच होता.

पुढे ते वैद्य झाले व १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात राहिले. हा खेळ खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो, असे त्यांचे मत होते. त्यांचेच विद्यार्थी फॉग ॲलन ह्यांनी तो शिकविण्यातच जन्म घालविला, आणि आम्हांस ॲलन ह्यांचेच म्हणणे पटते. नेस्मिथ ह्यांच्या हाताखाली तेथील संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले.

१८९१ च्या त्या डावानंतर ४५ वर्षांनी, १९३६ साली बर्लिन येथील ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, तेव्हा ते हजर होते. शेवटचा सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. खेळाडूंस जागच्या जागी उभे राहून तो टाकणेच भाग पडले. अमेरिकेने कानड्यास १९-८ असे हरविले, आणि दोन्ही संघांस पदके वृद्ध नेस्मिथ ह्यांनीच दिली. १९३९ च्या नोव्हेंबरात ते कॅन्ससमध्ये वारले.