उष्णतेचा जमाखर्च मांडणारे हेस

आम्ल आणि आम्लारी यांचे उदासिनीकरण होताना भांडे तापते, हे रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. ही उष्णता काटेकोरपणे मोजून त्यातून निसर्गाचा एक नियम शोधला तो जर्मेन आंरी हेस यांनी.

हेस यांचा जन्म 1802 मध्ये जिनिव्हा येथे झाला. वडील चित्रकार. बालपणीच हे कुटुंब रशियात स्थायिक झाले. हेस यांनी दोर्पात विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. मात्र ओढा रसायनशास्त्राकडे होता. स्टॉकहोमला जाऊन त्यांनी विख्यात रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांचा अल्पकाळ सहवास मिळवला. सैबेरियातील इर्कुत्स्क येथे काही काळ वैद्यकी केल्यावर 1830 मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला आले आणि रसायनशास्त्रालाच वाहून घेतले. त्यांच्या रशियन पाठ्यपुस्तकावर तेथील विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या.

त्यांचा निर्णायक प्रयोग वरकरणी साधा होता. सल्फ्युरिक आम्लात कमी-अधिक पाणी मिसळून त्यांनी प्रत्येक द्रावणाचे अमोनियाने उदासिनीकरण केले. आम्ल जितके विरल, तितकी उदासिनीकरणाची उष्णता कमी भरली. पण पाणी मिसळताना बाहेर पडलेली उष्णता तीत मिळवताच बेरीज प्रत्येक वेळी सारखीच आली. अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता तीच राहते, हा नियम त्यांनी 1840 मध्ये मांडला. मायर आणि ज्यूल यांचे ऊर्जेच्या अक्षय्यतेविषयीचे विचार अद्याप प्रसिद्ध व्हायचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

उष्णता मोजून पदार्थांमधील रासायनिक आकर्षणाचेही माप मिळेल, अशी हेस यांना आशा होती. ती पुरी झाली नाही. त्यासाठी केवळ उष्णता पुरेशी नसते, हे पुढे सिद्ध झाले. 1850 मध्ये, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी कोणतेही असोत, त्यांच्या विरल द्रावणांत पाण्याच्या प्रत्येक मोलमागे सुमारे 56 किलोज्यूल उष्णता का मिळते, याचा उलगडा अर्‍हेनियस यांच्या 1887 मधील आयन सिद्धान्ताने झाला. प्रत्यक्षात हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांपासून पाणी बनते, एवढेच तेथे घडते. हेस यांची आशा फोल ठरली. जमाखर्च मात्र अचूक ठरला. जी अभिक्रिया प्रयोगशाळेत थेट मोजता येत नाही, तिची उष्णता आजही त्यांच्याच नियमाने काढली जाते.