कोल्हापूरचे रॉबर्ट वायल्डर : विद्यार्थ्यांचे सुवार्तिक

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळ्यांतून नेहमीची धावपळ सुरू होते. मंदिराला रंग लागतो, गायकवृंदाच्या तालमी सुरू होतात, रविवारच्या शाळेतील मुले मेंढपाळांची सोंगे घेऊन नाचू लागतात. याच दिवसांत परगावी शिकणारी आपली मुलेमुली चार दिवस घरी येतात. ती उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात, करंज्या खातात आणि पुन्हा निघून जातात. मुले घरी आली यातच आपण समाधान मानतो. त्यांच्या मनात काय चालले आहे, प्रभूने त्यांना कोणत्या कामासाठी निवडले असेल, हे त्यांना कोणी विचारीत नाही. म्हणून या नाताळात आम्ही आपल्यापुढे अशा एका मनुष्याचे चरित्र ठेवीत आहोत, ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना हाच एक प्रश्न विचारला. हा मनुष्य जन्माने आपल्याच भागातला. त्यांचे नाव रॉबर्ट पार्मली वायल्डर.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या बाजूच्या वाचकांना वायल्डर हे नाव नवे नाही. कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्च प्रसिद्धच आहे. रॉबर्ट यांचे वडील रे. रॉयल वायल्डर 1846 साली अमेरिकन मिशनतर्फे अहमदनगरला आले व 1852 साली त्यांनी कोल्हापुरात काम सुरू केले. मिशनने शाळा चालवाव्यात की केवळ उपदेश करावा, या प्रश्नावर त्यांचा आपल्या वरिष्ठांशी मतभेद झाला. तेव्हा मिशनचा आधार सोडून ते 1861 साली स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापूरला परतले. पुढे हे काम प्रेसबिटेरियन मिशनने आपल्याकडे घेतले. अशा करारी बापाच्या घरी, कोल्हापुरात, 2 ऑगस्ट 1863 रोजी रॉबर्टचा जन्म झाला. ग्रेस ही त्याची थोरली बहीण.

वडिलांची प्रकृती ढासळल्यामुळे हे कुटुंब अमेरिकेला परत गेले व प्रिन्स्टन येथे राहिले. तेथेच 1881 साली रॉबर्ट कॉलेजात दाखल झाला. 1883 साली हार्टफर्ड येथील एका परिषदेला तो आपल्या दोन सोबत्यांसह गेला होता. तेथे डॉ. गॉर्डन यांचे पवित्र आत्म्याविषयीचे भाषण ऐकून तिघांचीही मने पेटली. परत आल्यावर त्यांनी कॉलेजात मिशनकार्यासाठी एक लहानशी संस्था काढली. परदेशी सुवार्तिक म्हणून जाण्यास आपण तयार व उत्सुक आहोत, अशा अर्थाच्या कागदावर सभासद सही करीत. सभा रविवारी वायल्डर यांच्याच घरी भरे. बाहेरच्या खोलीत मुले बोलत असत आणि शेजारच्या खोलीत ग्रेस गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करीत असे. तिचे नाव कोणत्याही व्यासपीठावर झळकले नाही. परंतु या चळवळीचा पाया त्या शेजारच्या खोलीत घातला गेला, असे आम्हांला वाटते.

1886 च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध सुवार्तिक मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समधील माऊंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरविले. 89 कॉलेजांतून 251 तरुण आले. भाऊ निघाला तेव्हा बहिणीने त्याला सांगितले की, या शिबिरातून शंभर जण निघावेत अशी माझी प्रार्थना आहे. रॉबर्टने तेथे मोठी भाषणे केली नाहीत. सुवार्तेच्या कामाची आवड असलेले वीसएक जण त्याने शोधून काढले आणि त्यांच्याबरोबर रोज प्रार्थना सुरू केली. मग एकाने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी, झाडाखाली, नदीकाठी असे बोलणे होत गेले. शिबिर संपत आले तेव्हा 99 नावे झाली होती, आणि अखेरच्या प्रार्थनासभेत शंभरावा तरुण येऊन मिळाला. त्या शंभरांत कॉर्नेलचा जॉन मॉट होता. पुढे 1946 साली नोबेल शांतता पारितोषिकाचा मान मिळाला, तो याच मॉट यांना.

आता हा निरोप इतर कॉलेजांत कोणी न्यावा, असा प्रश्न आला. रॉबर्टचे नाव पुढे आले, परंतु घरी वडील आजारी होते आणि त्यांच्या आयुष्याचा भरवसा नव्हता. मुलगा द्विधा मनःस्थितीत सापडला. तेव्हा बापानेच, लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील प्रभूच्या कठोर बोलाची आठवण देऊन, त्याला जाण्यास सांगितले. असा बाप होणे सोपे नाही! लाहोरच्या मिशनऱ्यांचे पुत्र जॉन फोरमन यांच्यासह रॉबर्ट वर्षभर हिंडले. दीडशेहून अधिक संस्थांना त्यांनी भेटी दिल्या आणि दोन हजारांहून अधिक तरुणतरुणींनी आपली नावे दिली. रे. वायल्डर 1887 च्या ऑक्टोबरात प्रभूकडे गेले. त्यानंतर आई व ग्रेस कोल्हापूरच्या कामावर परतल्या. ग्रेसने 1911 साली मरेपर्यंत याच भागात सेवा केली.

येथे एक गोष्ट लपवू नये. भावनेच्या भरात सही करणारे पुष्कळ असतात, प्रत्यक्ष जाणारे थोडे, अशी टीका या चळवळीवर त्या काळीही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. म्हणून 1888 साली चळवळीला रीतसर संघटनेचे रूप दिले गेले आणि 1892 साली सहीच्या कागदाचे शब्दही बदलले. तरीही पुढील काही दशकांत या चळवळीतून वीस हजारांच्या आसपास स्त्रीपुरुष देशोदेशी गेले, हेही तितकेच खरे.

सेमिनरीचे शिक्षण पुरे करून वायल्डर 1891 साली इंग्लंडला गेले. तेथील विद्यापीठांत त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि 1892 साली एडिंबरा येथे ब्रिटिश विद्यार्थ्यांचा स्वयंसेवक संघ स्थापन झाला. त्याच वर्षी नॉर्वेतील हेलेन ओल्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व ते भारतात आले. पुण्यात व कलकत्त्यात त्यांनी कॉलेजातील शिकलेल्या तरुणांत काम केले. त्या काळचा पुण्याचा विद्यार्थी म्हणजे तल्लख, वाचलेला आणि स्वाभिमानी. त्याच्यापुढे नुसते व्याख्यान झोडून भागणारे नव्हते. वायल्डर यांची रीत एकेकट्याशी बसून बोलण्याची. आधी प्रार्थना, मग ऐकणे आणि शेवटी बोलणे, असा त्यांचा क्रम आम्हांला दिसतो. 1902 साली प्रकृतीने दगा दिला आणि त्यांना भारत सोडावा लागला. ज्या देशात जन्मले व ज्यासाठी तारुण्य वाहिले, तेथे ते राहू शकले नाहीत. मात्र ते निराश होऊन बसले नाहीत. पुढे अनेक वर्षे त्यांनी इंग्लंड व युरोपातील विद्यार्थ्यांत सुवार्तेचे काम केले.

या चळवळीचा नाताळच्या सुटीशी जवळचा संबंध आहे. सण घरी साजरा करून विद्यार्थी नववर्षाच्या सुमारास परिषदेला जमत. 1896 च्या जानेवारीत लिव्हरपूलला असेच झाले. 1919 साली वायल्डर अमेरिकन चळवळीचे सरचिटणीस झाले आणि त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला डे मॉइन येथे सात हजारांच्या आसपास विद्यार्थी गोळा झाले. परंतु महायुद्ध पाहून आलेली ही पिढी वेगळी होती. व्यासपीठावरील जुनी भाषा तिला रुचली नाही. युद्ध, वंशभेद, मजुरांची गरिबी यांवर प्रभूचे म्हणणे काय, हे तिला ऐकायचे होते. चार वर्षांनी, नाताळनंतर लगेच इंडियानापोलिस येथे भरलेल्या परिषदेत विद्यार्थ्यांनी लहान गटांत बसून याच प्रश्नांवर चर्चा केली. त्यानंतर नावे देणाऱ्यांची संख्या उतरत गेली. ज्याने चळवळ जन्माला घातली, त्यालाच तिची ओहोटी पाहावी लागली.

1927 साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते पद सोडून वायल्डर कैरोला गेले व सहा वर्षे मध्यपूर्वेतील मंडळ्यांच्या कामात राहिले. अखेरचे दिवस त्यांनी नॉर्वेत घालविले आणि 1938 च्या मार्चमध्ये ते प्रभूमध्ये निजले. बी मात्र मेले नव्हते. 1946 च्या डिसेंबरात, नाताळच्याच सुटीत, टोरांटो येथे विद्यार्थ्यांची मिशनरी परिषद पुन्हा भरली. 1948 पासून ती अर्बाना येथे भरू लागली आणि अनेक दशके तेथे हजारो तरुण जमत राहिले.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीत सात हजार विद्यार्थी येणार नाहीत. कदाचित सातच येतील. वसतिगृहात मागे राहिलेला एखादा परगावचा मुलगाही त्यांत असेल. या नाताळात त्याला घरी जेवायला बोलवावे. त्याचे प्रश्न अवघड असले तरी रागावू नये, ऐकून घ्यावे. वायल्डर यांनी विचारलेला प्रश्न आपणही त्याला प्रेमाने विचारावा. आणि ज्यांना बोलणे जमत नाही, त्यांनी ग्रेसप्रमाणे शेजारच्या खोलीत जावे. त्या खोलीत नेहमीच जागा असते.