एडविन हबल : दीर्घिकांची कुळे लावणारा खगोलवेत्ता

देवयानी तारकासमूहात निरभ्र, काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही एक धूसर ठिपका दिसतो. हा ठिपका आपल्याच आकाशगंगेतील तेजोमेघ आहे की तिच्या पलीकडचे स्वतंत्र तारकाविश्व, याविषयी १९२० च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. त्या वर्षी वॉशिंग्टन येथे हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांच्यात झालेला प्रसिद्ध वादही अनिर्णितच राहिला. हा प्रश्न निकालात काढला तो अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या एडविन पॉवेल हबल यांनी.

हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी मिसुरी राज्यातील मार्शफील्ड या लहानशा गावी झाला. शिकागो विद्यापीठातील शिक्षणानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले आणि वडिलांच्या इच्छेखातर तेथे कायद्याचा अभ्यास केला. १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले. मायदेशी परतल्यावर वर्षभर शाळेत शिकवून हबल पुन्हा खगोलशास्त्राकडे वळले आणि १९१७ मध्ये अंधुक तेजोमेघांच्या छायाचित्रणावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पहिल्या महायुद्धात सैन्यात मेजर पदापर्यंत पोहोचून १९१९ मध्ये ते माउंट विल्सनला रुजू झाले. १०० इंच व्यासाचा आरसा असलेली, त्या काळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण तेथे होती.

ऑक्टोबर १९२३ मध्ये देवयानीच्या एका छायाचित्रात हबल यांना सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याची प्रखरता ठरावीक कालावधीने कमी-जास्त होते. हा कालावधी आणि ताऱ्याची मूळ तेजस्विता यांचे नाते हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्येच दाखवून दिले होते. या मोजपट्टीने हबल यांनी देवयानीचे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढले. आकाशगंगेचा त्या वेळचा मोठ्यात मोठा अंदाजही याहून खूपच लहान होता. १ जानेवारी १९२५ रोजी हा निष्कर्ष विद्वत्सभेत वाचला गेला, त्या वेळी हबल उपस्थित नव्हते. आज हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. हबल यांचा आकडा कमी पडला, कारण सेफीड तारे दोन प्रकारचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी पुढे उलगडून दाखविले. आपल्या मोजपट्टीने विश्वाचा विस्तार केवढा वाढला, हे पाहण्यास लेव्हिट मात्र हयात नव्हत्या. १९२१ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

दीर्घिका असंख्य आहेत हे ठरल्यावर त्यांची कुळे लावणे ओघानेच आले. १९२६ मध्ये हबल यांनी त्यांचे लंबवर्तुळाकार, सर्पिल आणि अनियमित असे प्रकार केले. सर्पिलांत साध्या आणि मध्यभागी ताऱ्यांचा दंड असलेल्या अशा दोन शाखा होत्या. भुजा किती घट्ट वळलेल्या आणि मधला फुगवटा केवढा, यावरून त्यांचे उपप्रकार ठरत. १९३६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही मांडणी स्वरकाट्याच्या आकृतीत दाखविली आणि दांडा व शाखा जुळतात तेथे भिंगाच्या आकाराच्या दीर्घिकांना स्थान दिले.

या आकृतीने एक गैरसमजही रुजविला. लंबवर्तुळाकारांना 'आरंभीच्या' आणि सैल भुजांच्या सर्पिलांना 'नंतरच्या' ही नावे मिळाल्याने एकीतून दुसरी उत्क्रांत होते असा अर्थ काढला गेला. ही नावे वयाची निदर्शक नाहीत, असे हबल यांनी बजावले होते. आजचे चित्र जवळजवळ उलटे आहे. कृष्णद्रव्याच्या प्रभावळीत खेचला गेलेला वायू फिरत फिरत चपटा होतो, त्याची तबकडी बनते आणि तीत नवे तारे जन्मत राहतात. ही सर्पिल दीर्घिका होय. अशा दोन मोठ्या दीर्घिका एकमेकींत विलीन झाल्या की ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात, वायू संपत जातो आणि बहुधा लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते. मॅगेलनी मेघांसारख्या अनियमित दीर्घिका बहुतांशी लहान असून शेजाऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांची ओढाताण झालेली असते.

हबल यांचे नाव सर्वाधिक गाजले ते १९२९ च्या शोधामुळे : दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. त्यासाठी वापरलेले बहुतेक वेग व्हेस्टो स्लायफर यांनी मोजलेले होते. पुढील, अधिक दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट मिल्टन ह्यूमसन यांनी टिपले. कधीकाळी डोंगरावर खेचरे हाकणारे आणि वेधशाळेत झाडलोट करणारे ह्यूमसन पुढे नामांकित निरीक्षक झाले. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी हे नाते १९२७ मध्येच मांडले होते. म्हणूनच त्यास हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये केली. हा न्याय उशिरा का होईना, झाला.

१९४९ मध्ये पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीचा पहिला वापर करण्याचा मान हबल यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मरिनो येथे त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीस त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जाहीर अंत्यविधी मात्र झाला नाही, आणि दफनाची जागा पत्नी ग्रेस यांनी कधीच उघड केली नाही.