सोलापूरच्या डॉक्टरने चीनमध्ये ऑपरेशनही केली आणि हाताखालची माणसंही घडवली

डॉ. कोटणीस म्हटलं की व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा आठवतो. त्यांचं शिकवण्याचं काम मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. डॉक्टरकी शिकले मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोटणीसही. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत.

आघाडीवर जखमी खूप आणि डॉक्टर मोजकेच. जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला, हत्यारं उकळायला, ऑपरेशनला मदत करायला शिकलेली माणसं हवी होती. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि डॉ. बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथून हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले. तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सर्जरीचं पुस्तक लिहिलं. दुसरं लिहायला घेतलं होतं, पण फिट्सचा आजार बळावला. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

आज चीनच्या शिच्याच्वांग शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तिथे नवे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात.