रुडॉल्फ डीझेल

रुडॉल्फ क्रिस्तियान कार्ल डीझेल (१८ मार्च १८५८ – २९ सप्टेंबर १९१३) हे जर्मन अभियंते व डीझेल इंजिनाचे जनक होते.

जीवन

डीझेल यांचा जन्म पॅरिसमध्ये एका बव्हेरियन कुटुंबात झाला. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाल्यावर कुटुंबाला लंडनला जावे लागले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फ यांना शिक्षणासाठी आउग्सबुर्ग येथील नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. १८८० मध्ये त्यांनी म्युनिक येथील तंत्रशिक्षण पूर्ण केले. त्यानंतर त्यांनी आपले प्राध्यापक कार्ल फोन लिंडे यांच्या शीतकरण व्यवसायात काम केले.

इंजिन

वाफेच्या इंजिनात इंधनातील बहुतेक उष्णता वाया जाते, हे डीझेल यांना खटकत होते. हवा अतिशय दाबून तापविली, तर तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेट घेईल, अशी त्यांची कल्पना होती. १८९३ मध्ये त्यांना तिचे एकस्व मिळाले. संपीडनाच्या पहिल्या टप्प्यात पाणी फवारून तापमान स्थिर राखण्याचा विचार त्यांच्या मूळ सैद्धान्तिक आराखड्यात होता. व्यवहारात तो सोडून द्यावा लागला. आउग्सबुर्ग येथील यंत्रनिर्मिती कारखान्यात अनेक अपयशी प्रयोगांनंतर १८९७ मध्ये इंजिन यशस्वी झाले. प्रा. मोरिट्झ श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली.

मृत्यू

प्रकृती व आर्थिक स्थिती खालावलेली असताना डीझेल २९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्पहून हार्विचकडे निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ या जहाजावरून बेपत्ता झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तूंवरून त्यांची ओळख पटली. मृत्यूचे कारण निश्चित झालेले नाही.

उत्सर्जन व पाणीमिश्रित इंधन

ज्या उच्च तापमानामुळे हे इंजिन कार्यक्षम ठरते, त्याच तापमानात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची घातक ऑक्साइडे तयार होतात. त्यांवरील एक उपाय म्हणून डीझेल यांनी सोडून दिलेले पाणी वेगळ्या मार्गाने इंजिनात परत आले. पृष्ठसक्रियकाच्या साहाय्याने पाण्याचे सूक्ष्म थेंब इंधनात मिसळून पायस बनविले जाते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, ज्योतीचे कमाल तापमान उतरते व ऑक्साइडे कमी होतात. तसेच इंधनाच्या थेंबातील पाणी आधी उकळून थेंब फुटतो, हवेशी मिश्रण सुधारते आणि काजळी घटते. मात्र त्याच आकारमानाच्या मिश्रणातून कमी ऊर्जा मिळते, पाणी वेगळे होऊन गंज लागू शकतो आणि काही स्थितींत कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आउग्सबुर्गच्या त्याच कारखान्यातून पुढे आलेल्या ‘मान’ कंपनीने जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी ही पद्धत अवलंबिली आहे.