देवल मास्तर

स्मरणिकेसाठी ‘शाळेतलं नाटक’ या विषयावर लिही, असा ग्रुपवर निरोप आला. आमच्या स्नेहसंमेलनाच्या गमती बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते गोविंद बल्लाळ देवलांबद्दल. मराठी नाटकातली एक मोठी गोष्ट शाळेतल्या गुरु-शिष्याच्या जोडीतून उभी राहिली, आणि तिच्यातला शिष्य म्हणजे देवल.

देवलांचा जन्म 1855 चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव. शिक्षणासाठी ते बेळगावला गेले आणि तिथे त्यांना शिक्षक भेटले अण्णासाहेब किर्लोस्कर. अण्णासाहेबांना नाटकाचं वेड होतं, ते शिष्यालाही लागलं. मॅट्रिक झाल्यावर देवलांनी काही काळ स्वतः शिक्षकी केली. पुढे 1880 मध्ये अण्णासाहेबांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचं युग सुरू केलं. पाचच वर्षांत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. गुरूने मांडलेला डाव शिष्याने पुढे चालवला.

देवलांची एकूण नाटकं सात. ‘दुर्गा’, ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’, ‘झुंजारराव’, ‘शापसंभ्रम’, ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’. यातली सहा दुसऱ्या भाषांतून घेतलेली. ‘झुंजारराव’ (1890) म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो, पण पात्रं, घरं, बोलणं सगळं मराठी. मी रोज दुसऱ्याने लिहिलेला कोड नव्या सिस्टीमवर नेते, त्यामुळे मला हे काम कमी दर्जाचं अजिबात वाटत नाही. मूळचं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे कळायला अक्कल लागते.

लेखकाइतकेच ते तालीममास्तर म्हणून मोठे होते. शब्द कुठे तोडायचा, कुठे थांबायचं, हे ते नटांकडून घोटून घेत. किर्लोस्कर मंडळीत आलेल्या कोवळ्या बालगंधर्वांनाही त्यांचीच तालीम मिळाली. मास्तरकी शाळेत सुटली तरी अंगातून गेली नव्हती.

स्वतंत्र नाटक एकच, ‘शारदा’, 1899 चं. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. बायको इंदिराकाकूला हे पटत नाही, पण तिचं घरात चालत नाही. वर आणि वधू एकाच गोत्राचे आहेत, हे कोदंड उघड करतो तेव्हा लग्न मोडतं. माझ्या मते नाटकातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच. वयावरून ते लग्न कुणी थांबवलं नाही, गोत्रावरून थांबलं. त्या काळात शारदेचं काम पुरुषच करत. ज्या मुलींची ही कहाणी, त्यांना रंगमंच बंद होता.

जाता जाता, 1929 च्या ‘शारदा कायद्या’ला या नाटकाचं नाव दिलं, असं पुष्कळजण समजतात. तो कायदा मांडणारे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडलं. मुलींचं लग्नाचं वय त्याने चौदा ठरवलं. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं.

आम्ही आठवीत असताना संमेलनात सरांनी ‘शारदा’तला एक प्रवेश बसवला होता. मी इंदिराकाकू, आईचं इरकल नेसून. सरांनी आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवलं, ते मला आजही मीटिंगमध्ये उपयोगी पडतं. शारदा झालेली मैत्रीण दहावीच्या वर्गात नव्हती. घरचे ऊसतोडीला जाणारे, सहा महिने पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून लग्न उरकलं. गोत्र जुळलं होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही. केदारेश्वराच्या देवळाजवळ मागच्या खेपेला ती भेटली, तेव्हा तिला अजून सगळे संवाद पाठ होते, माझेसुद्धा. मेळाव्याला तिला मी स्वतः घेऊन येणार आहे. दहावीच्या यादीत नाव नाही म्हणून कुणी तिला नोंदणीच्या टेबलावर अडवू नये, एवढं संयोजकांना आत्ताच सांगून ठेवते.

देवल 1916 च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी गंधर्व मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं. लोक आजही ते पाहून पोट धरून हसतात. मास्तरांना तो प्रयोग पाहायला मिळाला नाही.